पेपर विकणाऱ्या हेन्री रॉईसनं गाडीची क्वालिटी म्हणजे काय ते ब्रिटनला दाखवून दिलं

रोल्स-रॉईस म्हटलं की आपल्याकडं आधी राजे-महाराजे आठवतात. शोरूममध्ये अपमान झाला म्हणून अलवारच्या महाराजांनी रोल्स-रॉईस गाड्या शहराचा कचरा उचलायला लावल्या, हा किस्सा व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा तरी येतोच. (त्याचा ठोस पुरावा आजवर कुणी दिलेला नाही, पण फॉरवर्ड काही थांबत नाही.) या सगळ्यात गाडीच्या नावात ज्याचा अर्धा वाटा आहे, तो माणूस मात्र बाजूलाच राहतो.

नावातला रोल्स म्हणजे चार्ल्स रोल्स. लॉर्डाचा मुलगा, केंब्रिजमध्ये शिकलेला, गाड्या आणि विमानांचा नाद असलेला. रॉईसचं सगळंच उलटं होतं. औपचारिक शाळा जेमतेम वर्षभराची, खिशात दमडी नाही आणि भूक पाचवीला पुजलेली. पण गाडी बनवणारा हा दुसराच होता.

हेन्री रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ चा. गाव ऑलवॉल्टन, इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळ. पाच भावंडांतला हा शेंडेफळ. वडील पिठाची गिरणी चालवायचे. गिरणी बुडाली आणि घर विस्कटलं. कामाच्या शोधात वडील लंडनला आले, तिथंही जमलं नाही आणि १८७२ साली गोरगरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात त्यांचा शेवट झाला. हेन्री तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मग त्यानं लंडनच्या रस्त्यावर पेपर विकले, घरोघरी तारा पोहोचवल्या. चौदा-पंधरा वर्षांचा झाल्यावर एका आत्यानं मदत केली. वर्षाला २० पौंड भरून तिनं त्याला पीटरबरोच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लावलं. कानस कशी धरायची, लेथवर जॉब कसा लावायचा हे तो तिथं शिकला. तीन वर्षांनी आत्याचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट सुटली. म्हणजे ज्याचं नाव पुढं इंजिनिअरिंगचं मोजमाप म्हणून घेतलं गेलं, त्याच्याकडं पूर्ण झालेल्या उमेदवारीचा कागदसुद्धा नव्हता. ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत डाचत राहिली. मोठा झाल्यावरही तो स्वतःची ओळख मेकॅनिक अशीच करून द्यायचा.

लीड्समध्ये आठवड्याला ५४ तास काम आणि ११ शिलिंग पगार, असं काही दिवस काढून तो लंडनला एका वीज कंपनीत लागला. वीज तेव्हा नवीकोरी होती. त्या धंद्यात जुने जाणते लोकच नसल्यामुळं डिग्री कुणी विचारत नव्हतं. १८८४ साली रॉईसनं साठवलेले २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राचे ५० पौंड, एवढ्या भांडवलावर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर दोघांनी वर्कशॉप टाकलं. सुरुवात दारावरच्या इलेक्ट्रिक बेलपासून झाली. मग डायनामो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन. आसपास सगळ्या कापडाच्या गिरण्या. कापसाच्या धुळीत एक ठिणगी पडली तरी आग ठरलेली. रॉईसचे डायनामो ठिणगी उडवत नाहीत अशी ख्याती झाली आणि धंदा चालला.

पण १९०० च्या आसपास जर्मनी आणि अमेरिकेतून स्वस्त क्रेन येऊ लागल्या. भाव पाडायचा तर माल हलका करावा लागणार होता. रॉईसला ते मान्य नव्हतं. ऑर्डरी घटल्या, त्याचं काम मात्र वाढत गेलं. दिवसरात्र वर्कशॉपमध्ये, जेवणाची शुद्ध नाही. दुधाचा ग्लास घेऊन एक पोरगा त्याच्या मागं मागं फिरायचा, असं कुक स्ट्रीटचे जुने लोक सांगत. १९०२ साली शरीरानं हात टेकले. डॉक्टरांनी सक्तीनं सुट्टीवर पाठवलं आणि बायकोच्या नातेवाइकांकडं दक्षिण आफ्रिकेला तो काही आठवडे जाऊन आला. त्या प्रवासात त्यानं मोटारगाडीवरचं एक पुस्तक वाचून काढलं, असं सांगतात.

परत आल्यावर त्यानं फ्रेंच बनावटीची, दोन सिलिंडरची, १० हॉर्सपॉवरची सेकंडहँड डेकोव्हिल गाडी घेतली.

आता इथं एक गैरसमज दूर करायला हवा. डेकोव्हिल भंगार होती म्हणून रॉईसनं स्वतःची गाडी केली, असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर त्या काळाच्या मानानं ती चांगलीच गाडी होती. फक्त त्या काळात चांगल्या गाडीचा अर्थच वेगळा होता. गाडी सुरू व्हायला नखरे करणार, इंजिन तापणार, खडखडणार, आणि मालकानं सोबत एक मेकॅनिक ठेवायचा. हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. रॉईसनं ते गृहीत धरलं नाही. त्यानं गाडी सुटी केली आणि प्रत्येक भागापाशी जाऊन हा असाच का, हा प्रश्न विचारला. नवा शोध लावायचा त्याचा हट्ट नव्हता. आहे तीच गोष्ट दुसऱ्यांपेक्षा नीट करायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

कुक स्ट्रीटच्या कोपऱ्यात दोन उमेदवार पोरांना हाताशी धरून त्यानं गाडी बनवायला घेतली. क्लेअरमाँटला हे अजिबात पसंत नव्हतं. क्रेनचा धंदा बसत चाललाय आणि भागीदार गाडीत पैसे घालतोय म्हटल्यावर कुणाला आवडेल? पण १ एप्रिल १९०४ ला पहिली रॉईस गाडी वर्कशॉपमधून बाहेर पडली, आणि तिची चर्चा झाली ती आवाज न केल्याबद्दल.

त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स रोल्स परदेशी गाड्या विकत होता आणि विकण्यासारखी एक ब्रिटिश गाडी मिळत नाही म्हणून वैतागला होता. रॉईसच्या कंपनीतल्या हेन्री एडमंड्स या भागधारकानं दोघांची गाठ घालून दिली. ४ मे १९०४, मँचेस्टरचं मिडलँड हॉटेल. रोल्सनं गाडी चालवून पाहिली आणि रॉईस जेवढ्या गाड्या बनवेल तेवढ्या सगळ्या आपण विकणार असं ठरवून टाकलं. १९०६ साली रोल्स-रॉईस लिमिटेड उभी राहिली. तिसरा माणूस होता क्लॉड जॉन्सन. जाहिरात, पैसा आणि माणसं सांभाळणं हे त्याचं खातं. नावातल्या जोडचिन्हाची जागा आपलीच, अशी त्याची ओळख होती.

पण त्याच काळात रॉईसवर नामुष्कीची वेळ आली होती.

कंपनीनं सहा सिलिंडरची ३० हॉर्सपॉवरची गाडी बाजारात आणली आणि तिचे क्रँकशाफ्ट तुटायला लागले. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टनची वर-खाली हालचाल तो चाकांसाठी गोल फिरवून देतो. सहा सिलिंडरसाठी हा दांडा लांब करावा लागला होता. एकामागून एक सिलिंडरचे दणके बसले की तो ओल्या कपड्यासारखा पिळला जायचा आणि सुटायचा. ठरावीक वेगाला हा पीळ वाढत जाऊन पोलाद तडकायचं. त्या काळी हे नीट कुणालाच समजलेलं नव्हतं. सोपा उपाय होता, तुटेल तो दांडा फुकटात बदलून द्यायचा. रॉईस कारणाच्या मागं लागला. त्यानं दांडा जाड आणि ताठ केला, बेअरिंग वाढवले आणि पुढच्या टोकाला घर्षणानं पीळ शोषून घेणारी छोटी चकती बसवली. आजही बहुतेक सहा सिलिंडरच्या इंजिनात त्याच कामाचा भाग असतो.

याच अनुभवातून १९०६ ची ४०/५० हॉर्सपॉवरची गाडी आली. तिच्या एका चंदेरी गाडीचं नाव जॉन्सननं सिल्व्हर घोस्ट ठेवलं आणि पुढं ते सगळ्या मॉडेललाच चिकटलं.

१९०७ साली ही गाडी १५,००० मैलांच्या, म्हणजे साधारण २४,००० किलोमीटरच्या चाचणीला उतरवली. लंडन ते ग्लासगो, परत लंडन, पुन्हा ग्लासगो. रविवार सोडून दिवसरात्र. गाडीत रॉयल ऑटोमोबाईल क्लबचा निरीक्षक बसलेला. ६२९ मैलांवर गाडी थांबली. कारण काय, तर हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. तोटी उघडली, गाडी निघाली आणि पुढचे १४,३७१ मैल ती एकदाही आपणहून थांबली नाही.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. क्लबच्या लोकांनी गाडी नटबोल्टापर्यंत सुटी केली आणि प्रत्येक भागाची झीज मोजली. गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांचा खर्च निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. तेव्हा या गाडीची नुसती चासी ९८५ पौंडांना मिळायची. बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून स्वतःच्या पैशानं बांधून घ्यायचं. कंपनीनं कितीही जाहिरात केली असती तरी या एका बिलाची सर तिला आली नसती.

या गाडीचा एक पुरावा आपल्या रस्त्यांवरही मिळाला. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणी झाली. तिथल्या घाटांत पर्ल ऑफ द ईस्ट नावाच्या रोल्स-रॉईसनं बाजी मारली आणि पुढं ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. तेव्हाचे घाट म्हणजे खडी, माती आणि बैलगाड्यांची चाकोरी.

एवढं टिकायचं रहस्य काय होतं? चासीच्या जोडणीकडं पाहिलं तर कळतं. इतर कंपन्या चासीचे भाग रिव्हेट ठोकून जोडायच्या. काम झटपट होतं, पण गरम रिव्हेट थंड होताना आकसतो, भोक पूर्ण भरत नाही आणि हादऱ्यांनी सांधा हळूहळू ढिला होतो. रॉईसनं रिव्हेटऐवजी निमुळते बोल्ट वापरले. प्रत्येक भोक हातानं रीमर फिरवून त्याच उताराचं करायचं, म्हणजे बोल्ट पाचरीसारखा घट्ट बसतो. याला वेळ लागतो, कुशल फिटर लागतो आणि पैसा लागतो. तीच गोष्ट मालाची. पोलादाचे नमुने तोडून, ताणून तपासायचे. घडवलेल्या मोठ्या भागालाच एक जादा तुकडा ठेवायचा, तो कापून त्याची परीक्षा करायची आणि तो नापास तर अख्खा भाग बाद. गाडीचे भाग मुद्दाम आदळणारं मशीन बसवलेलं होतं. वर्षानुवर्षांचे खड्डे त्यावर थोड्या दिवसांत भोगून व्हायचे. आणि बॉडी चढायच्या आधी नुसती चासी, वर एक साधं बाकडं टाकून, रस्त्यावर पळवली जायची.

१९०८ साली डर्बीला नवा कारखाना सुरू झाला आणि जॉन्सननं बाकीची सगळी मॉडेल बंद करायला लावली. एकच गाडी करायची आणि ती नीट करायची. क्वालिटीच्या दृष्टीनं हा निर्णय रॉईसच्या कुठल्याही बोल्टाएवढाच मोलाचा होता. १९२६ पर्यंत सुमारे ७,८०० सिल्व्हर घोस्ट बनल्या. तुलना करायची तर याच काळात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी या गाडीचा आकडा शेवटी दीड कोटींवर गेला. क्वालिटी कंट्रोल म्हणून आज जे शिकवलं जातं, त्यात फोर्डचाही मोठा वाटा आहे. एकसारखे भाग लाखोंनी बनवणं हीसुद्धा क्वालिटीच. रॉईसची क्वालिटी मूठभर लोकांना परवडणारी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दरम्यान १२ जुलै १९१० ला बोर्नमथच्या विमान मेळाव्यात रोल्सचं विमान कोसळलं. इंजिनवाल्या विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला ब्रिटिश माणूस, वय अवघं ३२. वर्षभरात रॉईस पुन्हा कोसळला. १९१२ साली पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. हा माणूस फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कारखान्यात असताना रॉईस म्हणजे चालतं-बोलतं इन्स्पेक्शन खातं होतं. कामगाराच्या हातातली कानस घेऊन स्वतः जॉब करून दाखवायचा, चूक दिसली की भडकायचा. माल चांगला निघायचा कारण सगळ्यांवर त्याची नजर होती. जॉन्सननं मात्र ओळखलं, की हा माणूस कारखान्यात राहिला तर जगणार नाही. त्यानं रॉईसला डर्बीपासून लांब ठेवलं. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी ले कानादेलला, उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. नजर गेली, आता क्वालिटी राखायची कशी?

ती कागदावर उतरवावी लागली. रॉईसजवळ दोन-चार डिझायनर राहायचे. ड्रॉइंग तयार व्हायची, पोस्टानं डर्बीला जायची. तिथं अर्नेस्ट हाइव्ह्जच्या हाताखाली प्रयोग विभाग उभा राहिला. भाग बनवायचा, तुटेपर्यंत चालवायचा, का तुटला ते लिहून रॉईसला कळवायचं. त्याचं उत्तर सविस्तर यायचं, अगदी नटाच्या आकारापर्यंत. पहिल्या महायुद्धात विमानाचं ईगल इंजिन याच पद्धतीनं घडलं. १९१५ च्या सुरुवातीला २२५ हॉर्सपॉवरचं इंजिन युद्ध संपेपर्यंत ३६० वर पोहोचलं. ही पत्रं इतकी काटेकोर होती की कंपनीनं ती छापून, बांधून इंजिनिअरांसाठी ठेवली. जे ज्ञान एका तापट माणसाच्या हातात होतं, ते आजारपणामुळं सगळ्या कारखान्याचं झालं. तो धडधाकट असता तर हे झालं असतं का, शंकाच आहे.

या हट्टाची दुसरी बाजूही होती. युद्धात इंजिनांचा तुटवडा होता आणि सरकारला ती इतर कारखान्यांतही बनवून हवी होती. जॉन्सननं कडाडून विरोध केला. दुसरा कुणी बनवेल तर दर्जा घसरेल, हे त्याचं म्हणणं. ब्रिस्टलच्या ब्राझिल स्ट्रेकर या एकाच ब्रिटिश कंपनीला काही इंजिनांची परवानगी मिळाली. आघाडीवर विमानं इंजिनाविना अडलेली असताना हा आग्रह कितपत बरोबर होता, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

घरातही किंमत मोजली गेली. बायको मिनीपासून तो वेगळाच राहिला. मूलबाळ नव्हतं. शेवटची वीसेक वर्षं त्याची शुश्रूषा नर्स एथेल ऑबिननं केली. जेवणं, झोपणं, काम थांबवणं, सगळं तिच्या शिस्तीत. डॉक्टरांनी नाही म्हटलेला माणूस आणखी २१ वर्षं जगला, याचं मोठं श्रेय तिचं.

१९१७ नंतर ससेक्समधलं वेस्ट विटरिंग हे समुद्राजवळचं गाव त्याचा मुक्काम झाला. डर्बीहून प्रायोगिक गाड्या तिथं यायच्या, तो चालवून बघायचा आणि दोषांची यादी परत पाठवायचा. नव्या गाड्यांची फ्रान्समध्ये शातोरू इथं १०,००० मैलांची चाचणी व्हायची. दुसऱ्याचं चांगलं घ्यायलाही त्याला कमीपणा वाटला नाही. १९२४ साली चारही चाकांना ब्रेक दिले, तेव्हा ब्रेकची ताकद वाढवणारी रचना हिस्पानो-सुइझाची परवानगी घेऊन वापरली.

शेवटचं मोठं काम होतं श्नायडर ट्रॉफी या सीप्लेन शर्यतीसाठीचं आर इंजिन. त्याची पहिली आखणी रॉईसनं किनाऱ्यावरच्या वाळूत काठीनं केली, अशी गोष्ट सांगतात. डर्बीत हे इंजिन पूर्ण ताकदीनं तुटेपर्यंत चालवायचे, मग तुटलेला भाग सुधारायचे आणि पुन्हा चालवायचे. १९२९ साली १,९०० हॉर्सपॉवर, १९३१ साली २,३५०. ब्रिटननं ट्रॉफी कायमची जिंकली आणि त्याच महिन्यात त्या विमानानं ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडला. रॉईसला १९३० साली बॅरोनेट ही पदवी मिळाली होती.

२२ एप्रिल १९३३ ला वेस्ट विटरिंगला तो गेला. आदल्या संध्याकाळी अंथरुणावर बसून त्यानं गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरचं एक स्केच काढलं होतं आणि डर्बीला पोहोचवायला नर्सकडं दिलं होतं.

गाडीवरची लाल अक्षरं त्याच्या दुखवट्यासाठी काळी केली, असं नेहमी सांगितलं जातं. तो निव्वळ योगायोग. रंग बदलायचं त्याच्या मृत्यूआधीच ठरलं होतं. ज्या नव्या विमान इंजिनाचं काम त्याच्या हयातीत सुरू झालं, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा चाललं. पुढं त्याचं नाव मर्लिन ठेवलं आणि दुसऱ्या महायुद्धात ते स्पिटफायर विमानांत बसलं. रॉईसच्या अस्थी आधी डर्बीच्या कारखान्यात त्याच्या पुतळ्याखाली ठेवल्या होत्या. १९३७ साली त्या तिथून काढून ऑलवॉल्टनच्या चर्चमध्ये नेल्या.